भिंत कोणाची? गृहसंस्था आणि घराचें बाह्यरूप

साताऱ्याच्या पेठांतील किंवा सांगलीच्या गांवभागांतील जुन्या वाड्याचा धनी आपल्या भिंतीला चुना लावी कीं गेरू, याची विचारपूस सहसा कोणी करीत नसे. तंटा होई तो पागोळीच्या पाण्याचा, नाहीं तर शेजाऱ्याच्या हद्दींत शिरलेल्या वळचणीचा. पुढें अनेक वाडे गेले, त्यांच्या जागीं चार-पांच मजली इमारती आल्या आणि एका भिंतीआड वीस-वीस बिऱ्हाडें नांदूं लागलीं. भिंतीची आंतली बाजू ज्याची त्याची. बाहेरची मात्र सर्वांची. या भेदांतून उद्भवणारे कलह रकमेनें लहान, पण मनस्तापानें फार मोठे असतात.

बहुतेक वेळां त्यांचें मूळ हौसेंत नसून हवेंत असतें. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं पश्चिमेकडचा पाऊस तिरपा येतो आणि सज्ज्यांतून थेट बैठकीच्या खोलींत शिरतो. सांगलीस उन्हाळ्याचा जाच अधिक. तेथें हिरवें कापड, वातानुकूलन-यंत्राचा बाहेरचा डबा, खिडकीची जाळी यांवरून वाद पेटतो. शिवाय कृष्णामाईचा पूर आहेच. २०१९ सारखा महापूर ओसरल्यावर तळमजल्याच्या बिऱ्हाडास भिंत तातडीनें रंगवावी लागते, वरचे मजले जुन्याच रंगांत राहतात आणि इमारत दुरंगी दिसूं लागते.

समजा, साताऱ्यांतील एका गृहस्थांनीं ज्येष्ठांत आपल्या पश्चिमेच्या सज्ज्यावर निळा पत्रा बसविला. चिटणीसांचें पत्र आलें: इमारतीची शोभा बिघडली, पत्रा आठ दिवसांत उतरवावा, अन्यथा दंड. गृहस्थांनीं उलट कळविलें कीं, घर माझें आहे. येथें दोघांचेंही पाऊल चुकलें.

गृहस्थांची चूक उघड आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानें बांधलेली असते, आणि तिचे पोटनियम, म्हणजेच सरकारी भाषेंतील उपविधि, सभासदास मान्य असल्याचें धरूनच त्याला सभासदत्व मिळतें. पोटनियम हा सभासदांनीं आपखुशीनें पत्करलेल्या कराराच्या स्वरूपाचा असतो, अशीच दृष्टि सर्वोच्च न्यायालयानेंही २००५ सालीं झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणांत घेतली. बांधकामांत फेरबदल करण्यापूर्वीं समितीची लेखी परवानगी घ्यावी, असें आदर्श पोटनियम सांगतात. ती आधीं मागणारा सभासद आणि पत्रा ठोकून मग वाद घालणारा सभासद, या दोघांची बाजू सारखी राहत नाहीं.

चिटणीसांची चूक मात्र सहज नजरेंत भरत नाहीं. ‘शोभा’ हा शब्द पोटनियमांत आहे काय? नसल्यास त्या विषयावर सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे काय? पोटनियमांतच नवा नियम घालावयाचा असेल तर ती दुरुस्ती सभेनें संमत करून निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदणीवांचून ती अमलांत येत नाहीं. दंडाचेंही तसेंच आहे. सभासदास आपलें म्हणणें मांडूं द्यावें आणि निर्णय सर्वसाधारण सभेनें द्यावा. चिटणीसांच्या एका पत्रानें दंड बसत नाहीं. आणि तिसऱ्या मजल्यावर असाच पत्रा चार वर्षें बिनबोभाट असेल, तर पहिल्या मजल्यावरच्यासच नोटीस कां, या प्रश्नाला समितीपाशीं उत्तर हवें.

याहून महत्त्वाची एक गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती, पावसाच्या पाण्यानें होणाऱ्या गळतीसह, संस्थेनें आपल्या खर्चानें करावी, असें आदर्श पोटनियमांत आहे. भिंतीच्या रूपावर ज्या संस्थेचा अधिकार, तिच्यावरच भिंतीच्या ओलीचा भार! म्हणून गृहस्थांनीं ‘घर माझें’ असें लिहिण्याऐवजीं ‘भिंत संस्थेची आहे, तींतून पाणी येतें, संस्थेनें बंदोबस्त करावा, अथवा मला पत्र्याची परवानगी द्यावी,’ असा अर्ज ओलीच्या छायाचित्रांसह दिला असता, तर समितीस शोभेच्या मुद्द्यामागें दडतां आलें नसतें.

असा अर्ज आल्यावर समितीनें पुढच्याच बैठकींत निर्णय घ्यावा आणि तो पंधरा दिवसांत कळवावा, अशी तरतूद आहे. समिती स्वस्थ बसली तर एक-पंचमांश सभासदांना लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलावतां येते. ती महिन्याच्या आंत भरवावी लागते. कारभारांतील कसुरीबद्दल निबंधकाच्या कार्यालयाकडे जावें. सभासद आणि संस्था यांचा खरा तंटा कलम ९१ अन्वयें सहकारी न्यायालयांत चालतो. सज्जा बंद करून खोली वाढविली असेल, तर प्रश्न साताऱ्यास नगरपालिकेचा आणि सांगलीस महानगरपालिकेचाही होतो. तेथें संस्थेची संमति पुरत नाहीं.

या सर्वांपूर्वीं एक कागद पाहणें अवश्य आहे. कित्येक इमारती सहकारी संस्था नसतातच; त्या १९७० च्या सदनिका-मालकी कायद्याखालीं घोषणापत्रानें चालतात. तेथें मुख्य भिंती व छप्पर सामाईक मानलेलीं आहेत, आणि बांधकामांत ठळक भर घालावयाची तर उरलेल्या सर्व सदनिकाधारकांची एकमुखी संमति लागते. 

न्यायालयाची वाट मोकळी असली तरी ती लांबची, आणि वादी-प्रतिवादी रोज एकाच जिन्यावर भेटतात. त्यापेक्षां पश्चिमेच्या सर्व सज्ज्यांना एकाच मापाचा व एकाच रंगाचा पत्रा सर्वसाधारण सभेनें ठरवून द्यावा. ज्याला हवा त्यानें आपल्या खर्चानें बसवावा, नको त्यानें बसवूं नये. सांगलीस तळमजल्याच्या रंगाची छटा आणि तिचा खर्च हेंही अशाच रीतीनें पूर येण्याआधीं ठरवितां येतें. वार्षिक सभेस चौदा दिवसांची सूचना लागते, नमुना पाहण्यांत आणि दर मागविण्यांत आणखी दिवस जातात. तेव्हां साताऱ्याच्या पत्र्याचा विषय चैत्रांतच सभेपुढें यावयास हवा, कारण मृग लागल्यावर पत्रे बसविणारा कारागीर लवकर मिळत नाहीं.