हवेला पाणी पाजताना

मिरजेत घडलेला तानपुरा कोलोरॅडोत आला की पहिल्या जानेवारीत त्याची खरी परीक्षा होते. खुंट्या आकसून घसरायला लागतात, तबलीच्या सांध्यावर केसाएवढी रेघ उमटते. शेजारी ठेवलेल्या तबल्याची पुडी इतकी ताणते की स्वर आपोआप चढतो. वाद्यांची ही गत, मग माणसांची काय सांगावी! ओठ फुटतात, पहाटे घसा कोरडा पडून जाग येते, पोरांचा घोळणा फुटतो, आणि गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. तिळगुळाच्या कार्यक्रमात हा विषय निघतोच. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘होल हाऊस ह्युमिडिफायर बसवून टाका.’ मग कंपनीचा माणूस येतो, तळघरात डोकावतो, एक आकडा सांगतो आणि आपण सही करतो.

तो माणूस यायच्या आधी काय करावं, यासाठी हा लेख आहे.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे १६०९ मीटर उंचावर आहे. पॅसिफिककडून येणारे ढग रॉकी पर्वत ओलांडतानाच रिते होतात, त्यामुळे इथे वर्षाकाठी जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर पाऊस-बर्फ पडतो. तरीही हिवाळ्यात घर कोरडं पडतं ते केवळ पाऊस कमी म्हणून नव्हे. उत्तरेकडच्या मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही, तिथली घरंही जानेवारीत कोरडीठाक असतात. दोष थंडीचा आणि आपण केलेल्या उबेचा आहे. थंड हवेत बाष्प मावतच नाही. उणे १० अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत फार तर सव्वादोन ग्रॅम बाष्प राहू शकतं, २१ अंशांना अठरा ग्रॅमच्या वर. बाहेरची आर्द्रता ६० टक्के दाखवत असली तरी ती हवा आत येऊन तापली की तीच सात-आठ टक्क्यांवर घसरते. बाष्प कमी झालेलं नसतं, हवेची तहान वाढलेली असते. ती तहान मग लाकूड, कातडं, भिंती आणि आपली नाकं भागवतात.

इथून पुढचा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. २००० चौरस फुटांचं, आठ फूट उंचीच्या खोल्यांचं घर घ्या. त्यात साधारण साडेचारशे घनमीटर हवा असते. फटीफटींतून ही सगळी हवा दर दोन तासांनी बदलत असेल, तर घरात ३५ टक्के आर्द्रता टिकवायला दिवसाला सुमारे २७ लिटर पाण्याची वाफ लागते. तेच घर नीट बुजवलेलं असलं आणि हवा चार तासांनी बदलत असली, तर १४ लिटर पुरतात. चौघांचं कुटुंब श्वास, घाम, आंघोळी आणि स्वयंपाक मिळून दिवसाला आठ-दहा लिटर बाष्प फुकटात देतं. ते वजा केलं की गळक्या घरात यंत्राकडून १८ लिटर हवेत, बुजवलेल्या घरात पाच. म्हणजे गळती निम्मी केली तर यंत्रावरचा भार तिपटीहून जास्त उतरतो. कंपनीचा माणूस हे सांगत नाही. त्याला यंत्र विकायचं असतं, भिंतीतल्या फटी नव्हे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आधी फटी, मग यंत्र. ऊबदार हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्यातून निसटते. तिच्या जागी तळघराच्या कडेने कोरडी थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी लावण्याआधी माळ्याचं झाकण, छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा, पाइप आणि वायरी जिथून वर जातात ती भोकं, आणि पायावर जिथे लाकडी सांगाडा टेकतो तो सांधा पाहावा. सीलंट आणि फोमच्या डब्यांचा खर्च किरकोळ असतो. घर किती गळतं हे मोजायचं असेल तर ‘ब्लोअर डोअर’ चाचणी करून घ्यावी. दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवतात आणि किती हवा आत घुसते ते मोजतात. त्या वेळी विजेच्या बटणांच्या पेट्यांपाशी हात धरला तर अक्षरशः वारा लागतो. घर बुजवल्यावर मात्र गॅसवर चालणाऱ्या उपकरणांचा धूर नीट बाहेर जातो आहे ना, हे तपासून घ्यायलाच हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच. ओलावा राखायचा म्हणून गॅसच्या शेगडीवरचा पंखा बंद ठेवू नये. फोडणीचा धूर कोंडून मिळवलेली आर्द्रता नको.

आणखी एक फुकटचा झरा आपल्या लोकांना सांगावा लागत नाही, पण शेजाऱ्यांना पाहून आपण तो बंद केलेला असतो. अमेरिकेतले बहुतेक ड्रायर कपड्यांतलं सगळं पाणी भिंतीतल्या नळीतून बाहेर फुंकतात. धुतलेले कपडे रात्री बैठकीत दांडीवर पसरले, तर तेच दोन-अडीच लिटर पाणी घरातच मुरतं. सोसायटीचे नियम अंगणात दोरी बांधायला मना करत असतील, घरात कोण बघतंय!

एवढं करूनही डेन्व्हर, सॉल्ट लेक किंवा कॅल्गरीसारख्या ठिकाणी यंत्राची गरज बहुधा उरतेच. या घरांत तळघरातली फर्नेस गॅस जाळून हवा तापवते आणि ब्लोअर ती पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो. परतीच्या डक्टमधून थंड हवा पुन्हा फर्नेसकडे येते. ह्युमिडिफायर याच वाटेवर बसतो. ज्यांच्याकडे गरम पाण्याचे रेडिएटर आहेत, त्यांच्या घरात ही वाटच नसते. त्यांनी स्वतंत्र पंख्याची मोठी यंत्रं बघावीत.

विदर्भातल्या वाचकाला सर्वात खपणारा प्रकार, म्हणजे बायपास ह्युमिडिफायर, समजावून सांगायची गरज नाही. तो उन्हाळी कूलरच आहे. वाळ्याच्या ताटीऐवजी ॲल्युमिनियमच्या जाळीचं पॅड, त्यावर वरून ठिबकणारं पाणी, आणि पॅडमधून जाणारी कोरडी हवा. फरक इतकाच की नागपुरात आपल्याला गारवा हवा असतो आणि ओल पदरात पडते. इथे ओल हवी असते आणि गारवा फर्नेसला भरून काढावा लागतो. बायपासला स्वतःचा पंखा नसतो. जाणाऱ्या आणि परतीच्या डक्टना जोडणाऱ्या नळीतून, त्यांच्यातल्या दाबाच्या फरकावर तो हवा ओढतो. किंमत कमी, बिघडण्यासारखे भाग थोडे. दुसरा प्रकार पंखावाला: थोडी जास्त वाफ देतो, जोडणीची नळी लागत नाही, अडचणीच्या जागेत बसतो. तिसरा वाफेचा, जो विजेवर पाणी उकळतो.

खोक्यावर ‘दिवसाला ६०-६५ लिटर’ असं काही छापलेलं असतं. तो आकडा फर्नेस चोवीस तास अखंड आणि चांगली गरम चालते असं धरून काढलेला असतो. साध्या थंडीत फर्नेस तासातून पंधरा-वीस मिनिटंच चालते, म्हणजे प्रत्यक्षात फार तर तिसरा हिस्सा हाती लागतो. हीट पंप असलेल्या घरात तर हवा कोमटच येते. तिथे बायपासला गरम पाण्याची जोडणी द्यावी किंवा सरळ वाफेचं यंत्र घ्यावं. वाफेच्या यंत्राला फर्नेसच्या तापमानाशी देणंघेणं नसतं. फक्त त्याचं मोल वीजबिलात चुकवावं लागतं: एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज जाते, म्हणजे १८ लिटरना रोज साडेबारा युनिट. शिवाय २४० व्होल्टची वेगळी लाइन आणि ठरावीक काळाने बदलायचा डबा.

जाहिरातींत एक वाक्य फार फिरतं: ओलसर हवा ऊबदार वाटते, म्हणून थर्मोस्टॅट खाली आणा आणि इंधन वाचवा. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याचा हिशेब जुळत नाही. पाणी पॅडवर उडून जातं तेव्हाही तेवढीच उष्णता खातं. ती वीजबिलात दिसत नाही, गॅसच्या बिलात दिसते. घसा, लाकूड आणि वाद्यं यांसाठी ह्युमिडिफायर घ्या. बचतीसाठी घेऊ नका.

जुन्या घरांत कधीकधी चौथा प्रकार सापडतो. पाण्याच्या उथळ तबकात फिरणारा स्पंजचा ढोल. तबकातलं पाणी साचून राहतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू माजतात आणि ते सगळं घरभर फुंकलं जातं. असा ढोल आढळला तर साफ करत बसू नये, काढून टाकावा. आपल्याकडे कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्याला टाकी रिकामी करून कोरडी करायला सांगतात. साचलेल्या पाण्याबद्दलचं तेच शहाणपण इथेही लागू आहे.

वाहत्या पाण्याच्या यंत्रात हा धोका कमी, पण सोडलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. ते बघून जीव तुटतो हे मान्य. याच कोलोरॅडोत २०१६ पर्यंत बहुतेक घरमालकांना छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायलाही कायद्याची मनाई होती, इतकी पाण्याची ओढ. पण हे वाहून जाणारं पाणी पॅडवरचे क्षार धुऊन नेतं. ते थांबवलं तर पॅड महिन्याभरात दगड होतो.

आता आकडा किती ठेवायचा? अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता सुचवते. आपले लोक हौसेने ४५ वर काटा लावतात आणि उणे १५ च्या रात्री खिडक्या रडू लागतात. २१ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे सात अंश असतो. काचेची आतली बाजू त्याहून थंड झाली की पाणी सुटणारच. खिडकीवरचं पाणी निदान दिसतं. माळ्यात घुसलेलं बाष्प छपराच्या फळ्यांवर हिम होऊन बसतं आणि ऊन पडलं की ठिबकतं. लोकांना वाटतं छप्पर गळतंय. म्हणून बाहेरची थंडी वाढेल तसा काटा खाली यायला हवा. यंत्रांच्या पुस्तिकांत साधारण असा क्रम असतो: बाहेर उणे १ अंश असेल तर ४० टक्के, उणे ७ ला ३५, उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५. रोज तळघरात जाऊन काटा फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यामुळे बाहेर तापमानाचा सेन्सर असलेला स्वयंचलित ह्युमिडिस्टॅट घ्यावा. यंत्र साधं आणि नियंत्रण चांगलं, हा क्रम मला उलट्यापेक्षा पसंत आहे.

पन्नासच्या वर जायचा मोह टाळायला आणखी एक कारण आहे. धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांनी दमेकऱ्यांचा जीव नकोसा होतो, ते हवेतल्या ओलीवर जगतात. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत त्यांची डाळ शिजत नाही. ती आपण आणून का शिजवावी? फ्लूबद्दलही बरंच बोललं जातं. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या संशोधकांनी गिनिपिगांवर प्रयोग करून थंड, कोरड्या हवेत फ्लूचा प्रसार सोपा होतो हे दाखवलं. पण गिनिपिगांच्या पिंजऱ्यावरून ‘ह्युमिडिफायर लावा, फ्लू टाळा’ इथवर उडी मारू नये.

आकडा पाळायचा तर मोजणारं यंत्र खरं बोलतं का ते पाहावं. दहा-बारा डॉलरचे आर्द्रतामापक पाच-सात टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून ओलसर चिखल करा, विरघळवू नका. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तो मिठाचा गुणधर्मच आहे. मापक ७० दाखवत असेल तर तो पाचाने कमी सांगतो, एवढं मागे लिहून ठेवा.

बसवताना तीन जागांवर लक्ष ठेवावं. पाण्याच्या नळीला सुईने भोक पाडून बसणारी सॅडल व्हॉल्व्ह स्वस्त असते आणि पुढे गळते. प्लंबरकडून सरळ टी जोडून चावी बसवून घ्यावी. ह्युमिडिस्टॅट परतीच्या डक्टवर, ह्युमिडिफायरच्या जोडणीच्या अलीकडे हवा. गरम हवेच्या डक्टवर तो खोटंच वाचेल. निचऱ्याच्या नळीला अखंड उतार हवा, आणि यंत्र गळलंच तर पाणी फर्नेसच्या सर्किट बोर्डवर पडणार नाही अशी जागा निवडावी.

देखभाल वर्षातून दोनदा, तीही अर्ध्या तासाची. थंडी सुरू होताना नवं पॅड घालावं. पाणी जड असेल तर हंगामाच्या मध्यावर आणखी एक. वरच्या वाटणीच्या तबकाची भोकं व्हिनेगरमध्ये भिजवून मोकळी करावीत. पाणी सोडणाऱ्या छोट्या विद्युत झडपेपाशी एक बारीक गाळणी आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ‘यंत्र चालू आहे पण पॅड कोरडं’ या तक्रारीचं मूळ बहुधा त्या छिद्रात सापडतं. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी तिथे बघा. निचऱ्याच्या नळीत पेलाभर पाणी ओतून ते सुरळीत जातं का तेही पाहावं. बायपासच्या नळीतली झडप ‘विंटर’वर फिरवावी.

एप्रिलच्या शेवटी पाण्याची चावी बंद करावी, पॅड काढून टाकावं आणि ती झडप ‘समर’वर आणावी. हे शेवटचं काम सगळे विसरतात. झडप उघडी राहिली तर जुलैत एसीची थंड हवा खोल्यांत न जाता त्याच नळीतून परत फिरते आणि कॉइलवर बर्फ धरतो. मग एसीवाला येतो, गॅस कमी झालाय म्हणतो. त्याला आधी झडप दाखवावी.