दूध नको, तूप नको... ट्रेकला चला!

मंडळी, हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या माणसाने खाण्यावर लेख लिहावा यासारखा विनोद नाही. ज्यांचं अर्धं आयुष्य मेसच्या बटाट्यात आणि उरलेलं अर्धं कॅन्टीनच्या उधारीत गेलं, त्यांनी रेसिपी सांगायच्या म्हणजे केटीवाल्याने टॉपरला गाइड विकण्यासारखं आहे. तरीपण लिहितोय. कारण एका ट्रेकमध्ये माझ्याकडून एक चूक झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

झालं असं. ऑक्टोबरमध्ये सबमिशन संपल्याच्या आनंदात आम्ही सहा जण हरिश्चंद्रगडाला निघालो. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून वर जायचं, मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा बघायचा, पाचनईला उतरायचं आणि तिथे गावातच तंबू ठोकायचे, असा बेत. खाण्याचं खातं माझ्याकडे होतं. मी जोरदार मेनू काढला : ब्रेड-बटर, चीज, रात्री पनीर भुर्जी, गोड म्हणून श्रीखंड आणि चहाला दुधाची पावडर.

आता माझा रूम पार्टनर. सांगलीकडचा, घरी दोन म्हशी. पण सेकंड इयरपासून त्याने दूध, दही, तूप सगळं सोडलंय. कारण विचारलं तर म्हणतो, "कारण लई मोठं हाय, आधी जेवायला काय हाय ते सांग." हे मला रोज दिसत होतं. मेसमध्ये तो ताकाची वाटी माझ्याकडे सरकवायचा आणि मी ती आनंदाने प्यायचो. पण यादी करताना हे डोक्यात आलंच नाही! गाडीत बसल्यावर आठवलं. म्हटलं, "अरे, तुझं काय?" तो म्हणाला, "चालतंय की, मी बघतो."

त्याने बघितलं ते असं : सकाळी दोन केळी, दुपारी मूठभर चिवडा. एवढ्यावर सहा तासांची चढण आणि वर भटकंती. पाचनईच्या वाटेवर उतरताना तो एका दगडावर बसला. हात थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला वेळ लागत होता. ऊन कलायला लागलं होतं. खरं सांगतो, माझी पार तंतरली.

तेवढ्यात सरबताचं सामान घेऊन गावाकडे परतणाऱ्या एक मावशी भेटल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खाल्लं न्हाई का रं पोरा?" पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढून त्याच्या हातात ठेवले, वर पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत गडी उभा राहिला. पैसे घ्यायला मावशी तयार नव्हत्या.

रात्री तंबूपाशी पनीरचा डबा उघडला. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात भाजलेलं ते पनीर असं वासलं होतं की, सहाही जण आपोआप त्याच्याच पंगतीला येऊन बसले! त्या रात्री गावातल्या एका घरी आम्ही पिठलं, भाकरी आणि ठेचा खाल्ला. आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली : अरे, या ताटात दूध नाही, तूप नाही, काहीच नाही! डोंगरातला माणूस रोज जेवतो ते जेवण माझ्या मित्राला जसंच्या तसं चालत होतं. चालत नव्हता तो फक्त माझा मेनू.

व्हीगन म्हणजे नक्की काय?

प्राण्यापासून मिळणारं काहीच न खाणारा तो व्हीगन. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधसुद्धा नाही. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हाचा. शब्द परका असला, तरी आपल्या स्वयंपाकघरात असे पदार्थ ढिगाने आहेत. आपण त्यांना कधी नाव दिलं नाही, इतकंच.

(एक सूचना : कायमचं व्हीगन व्हायचं असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घ्या. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. दोन दिवसांच्या ट्रेकला मात्र त्याने काही बिघडत नाही.)

थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही!)

परत आल्यावर मी वही काढली. ट्रेकच्या जेवणाचे शत्रू तीन : वजन, ऊन आणि इंधन.

वजन : शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५६५ किलोकॅलरी असतात, गुळात ३८०, फुटाण्यांत ३७०. म्हणजे १०० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम फुटाणे अशी २०० ग्रॅमची पुडी बांधली, तर साधारण ९४० किलोकॅलरी खिशात! तेवढ्याच वजनाच्या ब्रेडमध्ये याच्या जेमतेम निम्म्या. शिवाय ब्रेड सॅकमध्ये दबून त्याचा पापड होतो तो वेगळाच.

ऊन : पनीर, दही, श्रीखंड यांना थंडावा लागतो. पोहे, डाळ, तांदूळ, चटणी, गूळ यांना काही लागत नाही. कोरडं ठेवलं की झालं.

इंधन : एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळेपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल लागतात. एक किलो गॅसमध्ये साधारण ४६ मेगाज्यूल असतात, पण वाऱ्यावर छोट्या शेगडीची कार्यक्षमता ३५ टक्के धरा. म्हणजे लिटरमागे १८-२० ग्रॅम गॅस. शिवाय दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. १२०० मीटरवर पाणी ९६ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ शिजायला जास्त वेळ घेते. राजमा-छोले घेऊन गेलात तर पहाटेपर्यंत टोप ढवळत बसाल!

लाकडं तोडून चूल पेटवू, असं कुणी म्हणेल. नको. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे जाळ करायचा नाही आणि वाळलेलं लाकूडही आपलं नाही. मुक्कामाचे नियमही बदलत असतात, ते निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या. गॅसचा डबा रेल्वेत न्यायला बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

मेनू : सहा माणसं, दोन दिवस

पुढच्या फेब्रुवारीत तोच रस्ता, तेच सहा जण. या वेळी सगळ्यांना एकच मेनू आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही.

पहिली सकाळ, दडपे पोहे. गॅस शून्य! पातळ पोहे अर्धा किलो, एक मोठा नारळ, चार कांदे, दोन लिंबं, मीठ, चिमूटभर साखर. तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरच्या आणि शेंगदाणे यांची फोडणी हॉस्टेलवरच करून गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. (आम्ही मेसच्या काकांना मस्का मारला. केटलवर फोडणी करायला जाऊ नका, केटलही जाईल आणि रेक्टर सरही येतील.) नारळ रात्री खवला तर सकाळीच वापरा, दुपारपर्यंत ठेवलात तर आंबेल. पोह्यांत खोबरं आणि बारीक कांदा मिसळायचा, नारळाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून वर वजन ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटं 'दडपले' की फोडणी आणि लिंबू. पापड चुरून घातला तर सोन्याला सुगंध.

चढताना, मावशींची पुडी. वर सांगितलेली २०० ग्रॅमची, प्रत्येकाला स्वतंत्र. भूक लागायची वाट बघायची नाही. दर तासाला एक मूठ आणि वर पाणी. मोठ्या सॅकमध्ये तळाशी ठेवलेलं खाणं हे न आणल्यासारखंच असतं, म्हणून पुडी खिशातच पाहिजे.

दुपार, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. चपात्यांना तूप लावायचं नाही, तेल लावायचं. चटणीवर थोडं कच्चं तेल. जोडीला काकडी. वर गावकऱ्यांकडे लिंबूसरबत मिळतं ते जरूर घ्या. पिठलं-भाकरी मिळाली तर तीही घ्या, फक्त "तूप-ताक नको" एवढं सांगा. आपल्या सॅकचं वजन कमी होतं आणि त्यांना चार पैसे मिळतात.

रात्र, मुगाची खिचडी. तांदूळ ६०० ग्रॅम, मूगडाळ ३०० ग्रॅम, सोयावडी १०० ग्रॅम (हिच्या वजनात निम्मी प्रथिनं असतात). डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे. तेलात जिरं, हिंग, हळद, लसूण, गोडा मसाला, मग वडी आणि सुमारे चार लिटर पाणी. सणसणीत उकळी आली की डाळ-तांदूळ घालून झाकणाखाली दहा-बारा मिनिटं शिजवायचं. आता युक्ती : गॅस बंद करा, झाकण घट्ट लावा, टोप वर्तमानपत्रांत आणि दोन जुन्या चादरींत गुंडाळून ठेवा. चाळीस मिनिटांनी उघडा. आत साठलेल्या उष्णतेवरच खिचडी शिजते. थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी इन्सुलेशन शिकवलं तेव्हा मी झोपलो होतो, ते मला पाचनईच्या अंगणात कळलं! तूप नसेल तर खिचडी कशी लागेल, अशी मला शंका होती. वरून लसणीची चरचरीत फोडणी घातली आणि शंका मिटली.

गोड, नारळाच्या रसातले पोहे. कोकणात आणि गोव्यात दिवाळीला करतात तो प्रकार. जाडे पोहे ३०० ग्रॅम धुऊन निथळायचे, नारळाच्या दुधाची २०० मिलीची दोन न फोडलेली पाकिटं, किसलेला गूळ २०० ग्रॅम, वेलदोडा, चिमूटभर मीठ. कालवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. पुन्हा गॅस शून्य. रिकामी पाकिटं मात्र परत आणायची, गडावरही नाही आणि गावातही नाही.

दुसरी सकाळ, सातूचं पीठ आणि कोरा चहा. भाजलेले गहू दोन भाग, डाळवं एक भाग, थोडं जिरं, हे घरून दळून आणा. माणशी ६० ग्रॅम पीठ, गूळ, पाणी. कालवलं की नाश्ता तयार. चहा आलं, गवती चहा आणि गूळ घालून, वर लिंबू पिळायचं. दुधाच्या चहाची आठवण फक्त पहिल्या घोटाला येते.

सगळं मिळून गॅसचा २३० ग्रॅमचा एक डबा लागला, तोही पूर्ण संपला नाही.

इथे पाय घसरतो

आपल्याला 'साधी' वाटणारी बरीच खाणी व्हीगन नसतात. दशम्या दुधात भिजवतात. बाजारच्या गुळपापडीत आणि बऱ्याच लाडवांत तूप असतं. बहुतेक ग्लुकोज बिस्किटांत दुधाची पावडर असते. नारळाच्या दुधाच्या पावडरीतही कधीकधी दुधातलं केसीन घातलेलं असतं, म्हणून मी पाकीट घेतलं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे २०२२ पासून वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे. ते नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. आणि शेंगदाणे सगळ्यांना चालतात असंही नाही. काहींना त्याची ॲलर्जी असते, तेव्हा पुड्या बांधण्याआधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी परतताना मी हळूच विचारलं, "काय रे, दोन दिवसांत काय कमी पडलं?" एक जण म्हणाला, "मीठ." दुसरा म्हणाला, "झोप." दूध कुणाच्याच तोंडून आलं नाही! मग मी सगळं सांगितलं. रूम पार्टनर काही बोलला नाही. त्याने फक्त आपल्या पुडीतले उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

त्या मावशींसाठी आम्ही घरचे तिळगुळाचे लाडू नेले होते, बिनतुपाचे. त्या म्हणाल्या, "आता खाल्लं ना सगळ्यांनी?"

तर मित्रांनो आणि सरांनो (इंडस्ट्रियल व्हिजिटला तुम्हीही असताच), पुढची ट्रिप ठरवताना पैसे, गाडी, टी-शर्टचा साइझ या सगळ्याच्या आधी यादीत एक रकाना टाका : 'तू काय खात नाहीस?' माझ्या मित्राने "चालतंय की" म्हटलं आणि मी ते खरं मानलं. ज्याचं खाणं वेगळं असतं तो बहुतेकदा असंच म्हणतो, कारण त्याला सहा जणांत एकटा पडायचं नसतं. म्हणून विचारायचं काम आपलं.