ठिबकच्या स्वयंचलित यंत्रणेतील डीसी आउटपुट मॉड्यूल : रचना, जोडणी व निगा

पॉलिहाऊस, द्राक्ष, डाळिंब व भाजीपाल्याच्या बागांत ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करणाऱ्या यंत्रणा आता अनेक शेतकरी बसवितात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देताना अंधारात व्हॉल्व्ह फिरवीत जाण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. परंतु यंत्रणा बंद पडली की बहुतेक वेळा मेकॅनिकची वाट पाहत बसावे लागते. कोकोपीटवरील काकडी किंवा ढोबळी मिरचीला उन्हाळ्यात काही तास जरी पाणी मिळाले नाही तरी झाडे माना टाकतात. म्हणून पेटीतील ज्या भागातून व्हॉल्व्हला वीज मिळते, त्या आउटपुट मॉड्यूलचे काम शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेणे आवश्यक आहे.

पीएलसी कसे काम करते ?

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास मोटार कारखान्यांतील रिलेंच्या मोठमोठ्या कपाटांना पर्याय म्हणून तो तयार झाला. त्याचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम तो टाकीतील पातळी, पाइपमधील दाब, घड्याळाची वेळ इत्यादी माहिती घेतो. नंतर त्यात भरलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे निर्णय करतो. शेवटी तो निर्णय आउटपुट मॉड्यूलकडे पाठवितो. हे चक्र काही मिलिसेकंदांत पूर्ण होऊन सतत चालू राहते.

पीएलसीच्या आतील विद्युतमंडल अतिशय नाजूक असते. त्यातून थेट व्हॉल्व्ह उघडण्याइतकी वीज मिळत नाही. हे काम आउटपुट मॉड्यूल करते. 'डिजिटल' याचा अर्थ येथे एवढाच की, त्याला चालू व बंद या दोनच अवस्था माहीत असतात.

मॉड्यूलच्या आत काय घडते ?

पीएलसीकडून 'चालू' असा आदेश आला की मॉड्यूलमधील एक सूक्ष्म दिवा लागतो. त्याचा प्रकाश समोरच्या प्रकाशसंवेदी भागावर पडतो व त्यामुळे ट्रान्झिस्टर सुरू होतो. मध्ये तारेचा संबंध नसून केवळ प्रकाशाचा संबंध असल्यामुळे शेताकडील विजेचा दोष पीएलसीपर्यंत सहसा पोहोचत नाही. ट्रान्झिस्टर हा येथे बटणाप्रमाणे काम करतो. त्याला हलणारे भाग नसल्याने तो रिलेप्रमाणे झिजत नाही. मात्र तो फक्त डीसी वीज हाताळतो आणि जादा प्रवाह सहन करीत नाही.

मॉड्यूल स्वतः वीज निर्माण करीत नाही, हेही लक्षात ठेवावे. व्हॉल्व्हसाठी लागणारी २४ व्होल्ट डीसी वीज वेगळ्या पॉवर सप्लायमधून द्यावी लागते.

जोडणीचे दोन प्रकार

सोर्सिंग प्रकारात मॉड्यूल व्हॉल्व्हला धन बाजू पुरविते व सर्व व्हॉल्व्हची दुसरी तार सामाईक ऋण बाजूला जोडतात. सिंकिंग प्रकारात याच्या उलट, सर्व व्हॉल्व्हला धन बाजू कायम जोडलेली असते व मॉड्यूल ऋण बाजू जोडते. ओल्या जमिनीतून तारा जात असल्याने हा फरक महत्त्वाचा आहे. पॉवर सप्लायची ऋण बाजू अर्थिंगला जोडलेली असताना सिंकिंग प्रकारात मॉड्यूलकडे येणारी तार सोलून जमिनीला लागली, तर आदेश नसतानाही व्हॉल्व्ह उघडू शकतो. सोर्सिंग प्रकारात अशा वेळी फ्यूज जातो व व्हॉल्व्ह बंद राहतो. म्हणून शेतीसाठी सोर्सिंग प्रकार निवडणे श्रेयस्कर ठरते.

भार किती टाकावा ?

या प्रकारच्या अनेक मॉड्यूलमध्ये एका आउटपुटची क्षमता ०.५ अँपिअर असते. आपल्या मॉड्यूलची क्षमता माहितीपत्रकात पाहावी. व्हॉल्व्हच्या कॉइलवर ८ वॉट, २४ व्होल्ट डीसी असे लिहिले असल्यास ८ भागिले २४, म्हणजे सुमारे ०.३३ अँपिअर प्रवाह लागतो. असा एक व्हॉल्व्ह एका आउटपुटवर चालेल. पण दोन व्हॉल्व्ह जोडल्यास ०.६६ अँपिअर होऊन ट्रान्झिस्टर जळेल किंवा संरक्षण कार्यान्वित होऊन आउटपुट बंद पडेल. आउटपुटच्या संपूर्ण गटाची एकत्रित मर्यादाही वेगळी दिलेली असते, तीही तपासावी.

तारेची जाडी

व्हॉल्व्ह ३०० मीटर दूर असल्यास जाण्या-येण्याची मिळून ६०० मीटर तार होते. वरील कॉइलचा रोध ७२ ओहम असतो. तांब्याची १.५ चौरस मि.मी. तार वापरल्यास तारेचा रोध सुमारे ७ ओहम होऊन व्हॉल्व्हपाशी जवळजवळ २२ व्होल्ट मिळतात. ०.५ चौरस मि.मी. ची स्वस्त तार वापरल्यास रोध सुमारे २३ ओहम होऊन जेमतेम १८ व्होल्ट पोहोचतात. अशा वेळी व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी उघडत नाही. दोष तारेचा असतो आणि बदलले जाते मॉड्यूल !

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात

१) बाजारात मिळणारे ठिबकचे अनेक व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे असतात. ते २४ व्होल्ट डीसीवर जोडू नयेत. एसीमध्ये कॉइलचा चुंबकीय गुणधर्म प्रवाह रोखून धरतो. डीसीमध्ये तो अडथळा राहत नाही, त्यामुळे प्रवाह वाढून कॉइल तापते व जळते. खरेदीपूर्वी कॉइलवरील अक्षरे वाचावीत.

२) कॉइलचा प्रवाह तोडताच तीत उलट दिशेचा मोठा विद्युतदाब निर्माण होतो. तो ट्रान्झिस्टरला मारक ठरतो. यासाठी प्रत्येक कॉइलला समांतर १ अँपिअरचा डायोड बसवावा. डायोडवरील पट्ट्याची बाजू धन तारेला जोडावी. उलटा बसविल्यास शॉर्टसर्किट होते.

३) पंपाच्या स्टार्टरची कॉइल मॉड्यूलला थेट जोडू नये. मध्ये २४ व्होल्ट डीसीचा रिले घालावा व त्याच्या संपर्कातून स्टार्टर चालवावा. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

दिवा लागला म्हणजे पाणी गेले असे नव्हे

मॉड्यूलवरील दिवा बहुधा आदेश मिळाल्याचे दाखवितो, पाणी वाहत असल्याचे नाही. तसेच ट्रान्झिस्टर बिघडताना अनेकदा 'चालू' अवस्थेतच अडकतो. म्हणून केवळ प्रोग्रॅमवर विसंबून राहू नये. आउटपुटचा वीजपुरवठा तोडणारे हाताचे बटण व पंपाच्या कोरड्या चालण्यापासूनचे संरक्षण स्वतंत्र तारेने जोडलेले असावे. पंप सुरू होण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडावा आणि प्लॉट बदलताना पुढचा उघडल्यावर मागचा बंद व्हावा, असा क्रम प्रोग्रॅममध्ये ठेवावा. अन्यथा बंद पाइपवर दाब येऊन सांधे निखळतात.

बिघाड असा शोधावा

* दिवा लागत नसेल तर प्रथम वेळ, पातळी व दाब यांच्या अटी पाहाव्यात.
* दिवा लागतो, पण मॉड्यूलच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट नाहीत : पॉवर सप्लाय व फ्यूज तपासावा.
* टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत, पण व्हॉल्व्हपाशी कमी आहेत : तार व सांधे तपासावेत.
* व्हॉल्व्हपाशी पूर्ण व्होल्टेज असून 'टक्' असा आवाज येत नाही : वीज बंद करून व एक तार सोडवून कॉइलचा रोध मोजावा. तो अनंत आल्यास कॉइल तुटली, शून्याजवळ आल्यास जळाली असे समजावे.
* आवाज येतो, पण पाणी नाही : व्हॉल्व्हमधील पडदा उघडून कचरा काढावा.

नियंत्रण पेटी खताच्या व आम्लाच्या टाक्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. आम्लाच्या वाफेने टर्मिनल गंजतात. उंदीर शिरू नयेत म्हणून तारांची छिद्रे बंद करावीत. जमिनीतील सांधे जलरोधक असावेत. पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासावे. एक मल्टिमीटर, दोन जादा फ्यूज, एक जादा कॉइल व तारांचा कागदावर काढलेला नकाशा पेटीजवळ नेहमी ठेवावा. एवढी तयारी असल्यास मेकॅनिक येईपर्यंत पीक तहानलेले राहणार नाही आणि चांगले मॉड्यूल विनाकारण बदलण्याचा खर्चही टळेल.