लेवी बॉडी आजार सुरू कुठे होतो: मेंदूत, नाकात की पोटात?

हात थरथरू लागले, चाल मंदावली किंवा समोर नसलेली माणसं दिसू लागली की घरचे डॉक्टरांकडे धावतात. पण लेवी बॉडी आजाराची सुरुवात त्याच्या कितीतरी वर्षं आधी झालेली असते. काही जणांमध्ये तर ती मेंदूबाहेर होत असावी, असं संशोधकांना वाटतं.

लेवी बॉडी म्हणजे काय?

चेतापेशींमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन असतं. ते चुकीच्या पद्धतीने दुमडलं की त्याच्या गुठळ्या होतात. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पार्किन्सन्स आणि लेवी बॉडी डिमेन्शिया या दोन्ही आजारांत त्या आढळतात.

सुरुवात नेमकी कुठे?

जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की, या गुठळ्या आधी दोन ठिकाणी दिसतात: वासाशी संबंधित भागात आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेच्या मुळाशी. डेन्मार्कचे पेर बोर्गहॅमर यांच्या मते आजाराचे दोन मार्ग आहेत. काहींमध्ये तो आतड्यातून वर चढतो. अशा रुग्णांना बद्धकोष्ठता आणि झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडणं हे त्रास आधी होतात. इतरांमध्ये तो थेट मेंदूत किंवा नाकाच्या वाटेने सुरू होतो. यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

पिंपरी-चाकणशी याचा काय संबंध?

सुरुवात नाकात किंवा पोटात होत असेल, तर श्वासातून आणि पाण्यातून शरीरात काय जातं, हे महत्त्वाचं ठरतं. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढणं हे रोजचं काम. अशा कामासाठी जगभर अनेक दशकं ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) हे द्रावक वापरलं गेलं. अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून या लष्करी तळाचं पाणी टीसीई आणि इतर रसायनांनी दूषित झालं होतं. तिथे राहिलेल्या सैनिकांमध्ये पार्किन्सन्सचा धोका दुसऱ्या तळावरच्या सैनिकांपेक्षा ७० टक्के जास्त असल्याचं २०२३ च्या अभ्यासात दिसलं. यातून टीसीईच कारण आहे, हे सिद्ध होत नाही. पण काळजी घ्यायला एवढं पुरेसं आहे. ड्रममध्ये कोणतं रसायन आहे, हे कामगाराने सेफ्टी डेटा शीटमध्ये पाहावं. वाफ बाहेर ओढणारी यंत्रणा सुरू हवी. साधा कापडी मास्क रसायनाची वाफ अडवत नाही.

लवकर कळून उपयोग काय?

थरथर दिसेपर्यंत डोपामाइन तयार करणाऱ्या अनेक पेशी मेलेल्या असतात. आजार थांबवणारं औषध आज नाही, पण नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी सुरुवातीचेच रुग्ण मोलाचे ठरतात. निदानाचा फायदा आजही आहे: लेवी बॉडी डिमेन्शियाच्या रुग्णाला भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर प्रकृती गंभीर बिघडू शकते.

नुसती बद्धकोष्ठता म्हणजे हा आजार नव्हे. मात्र वास कमी येणं आणि झोपेत ओरडणं, लाथा मारणं हे एकत्र दिसलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर सांगावं.