माळ्यावरचा पाऊस

कॅनडात कॅल्गरी-एडमंटनकडे छत कधी गळतं? आठवडाभर उणे तीस सोसून झाल्यावर, बाहेर लख्ख ऊन पडलं की! ढग नाही, थेंब नाही, तरी बेडरूमच्या सीलिंगवर पिवळा डाग. घरमालक छप्परवाल्याला बोलावतो, आणि छप्पर निघतं ठणठणीत. तिकडे याला ‘अ‍ॅटिक रेन’ म्हणतात. आपण म्हणू, माळ्यावरचा पाऊस.

हा पाऊस आधी वर चढतो, मग पडतो. आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे आणि नुसता श्वास एवढ्यावर चौघांचं कुटुंब रोज दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. ही उबदार हवा दिव्यांच्या खाचांतून, वायरींच्या भोकांतून पोटमाळ्यात शिरते. 20 अंशांची घनमीटरभर हवा 17 ग्रॅम बाष्प पोटात ठेवू शकते. उणे 20 ला जेमतेम एक ग्रॅम. उरलेलं छपराच्या फळ्यांना चिकटतं, तेही मधे पाणी न होता थेट बर्फ होऊन. जुन्या फ्रीजरच्या भिंतींवर साचायचा ना, तसाच.

पहिला मान खिळ्यांचा. फळीतून खाली डोकावणारं लोखंड बाहेरची थंडी थेट आत आणतं, म्हणून प्रत्येक टोकाला पांढरी टोपी. बर्फ वितळला की खालच्या इन्सुलेशनवर खिळ्यागणिक एक टिपका. वर न बघता खिळे मोजून घ्या!

खरा चोर भिंत नव्हे, भोक. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या, चार बाय आठ फुटी तक्त्यातून अख्ख्या हिवाळ्यात झिरपून जातं तीनेकशे मिलिलिटर पाणी. त्याच तक्त्याला एक चौरस इंचाचं भोक पाडा, हवेबरोबर 28 लिटरच्या आसपास निसटतं. पेल्याऐवजी दीड बादली.

म्हणूनच माळ्यावर दांडगा पंखा बसवायची हौस महागात पडते: तो खोल्यांतली दमट हवा आणखी जोरात वर ओढतो. त्याहून थोर कारागीर म्हणजे बाथरूमच्या एक्झॉस्टचा पाइप माळ्यावरच सोडून देणारा. त्याला काय म्हणावं, तुम्हीच ठरवा. आधी फटी बुजवायच्या, मग इन्सुलेशन वाढवायचं. उलट केलं तर माळा आणखी गार पडतो आणि बर्फाचं फावतं.

बर्फ हळूहळू वितळला तर बरंचसं पाणी वाऱ्यावर सुकूनही जाईल. पण कॅल्गरीत ‘चिनूक’ नावाचा उबदार वारा येतो आणि काही तासांत थंडी पळवतो; मग सगळा बर्फ एकदमच वितळतो. असल्या वाऱ्याचा विक्रम मात्र अमेरिकेत, साउथ डकोटातल्या स्पीअरफिशचा: 22 जानेवारी 1943 च्या सकाळी दोन मिनिटांत पारा उणे 20 वरून 7 अंशांवर!

त्यामुळे जाणती माणसं ऊन पडायची वाट बघत नाहीत. कडाक्याच्या थंडीतच वर चढून बर्फ झाडतात, पिशव्यांत भरून खाली आणतात. घरातली आर्द्रताही उतरवतात. बाहेर उणे तीस असेल तर वीस टक्क्यांच्या खाली. खिडकीच्या काचेवर पाणी ओघळायला लागलं की समजायचं, वर काय चाललंय ते.

बघायचंच असेल तर टॉर्च घेऊन माळ्याचं झाकण उघडा. उतरताना ते घट्ट बसवा मात्र. कडेला रबरी पट्टी नसेल, तर पुढचा पाऊस तिथूनच चढतो.