पाण्याखालचं गाव

दुपारी दोनची वेळ. जेवणं उरकली होती, ओटा पुसून झाला होता. सासूबाई पलंगावर सुपारी कातरत बसल्या होत्या. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "आई, बघा बरं, ओळखू येतंय का?"

त्यांनी चष्मा लावला, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान काढलंयस गं. पण लग्न कुणाचं आहे?"

लग्न! पंधरा दिवस रात्री जागून मी त्यांचं माहेर काढलं होतं!

सासूबाईंचं माहेर कोयनाकाठचं. १९६०नंतरच्या दोन-चार वर्षांत धरणाचं पाणी चढलं आणि गाव शिवसागर जलाशयात गेलं. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. गावाचा एकही फोटो घरात नाही. पण माझ्या लेकीला झोपवताना त्या सांगतात, "आमचं गाव अजून आहे पाण्याखाली. अवसेला देवळात दिवा लागतो नि मासे प्रदक्षिणा घालतात." ही गोष्ट मला रंगवायची होती. वर एक इवलीशी होडी, खाली पाण्यात झोपलेलं गाव.

लग्नाआधी मी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती. मग बी. ए., लग्न, संसार आणि अर्धवेळ शिकवणं. रंगाच्या बाटल्या केव्हाच वाळून गेल्या. २०२०मध्ये लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप घेतला, पुढे मी साठवलेल्या पैशांतून पेन टॅबलेट आणला. 'क्रिटा' नावाचं चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ना पाणी सांडत, ना लादी खराब होत. रात्री दहानंतर जेवणाचं टेबल माझं!

पण सासूबाईंचा तो प्रश्न मनाला लागला. शांतपणे पाहिलं तर त्यांचंच बरोबर होतं. मी प्रत्येक घराच्या खिडकीत उजेड दिला होता, देवळावर लालभडक पताका लावली होती, माशाचं एकेक खवलं कोरलं होतं. पानातल्या सगळ्याच पदार्थांना सारखंच तिखट घातलं तर जेवणाराला चव कशाची कळणार? सगळं होतं, पण खोली नव्हती आणि ती उदास शांतताही नव्हती.

मग मी ते चित्र पुन्हा हाती घेतलं. त्यातून शिकले ते सांगते.

आधी रंग बाजूला ठेवा

संगणकावरच्या चित्रात एकावर एक 'लेअर' असतात, पारदर्शक कागद ठेवावेत तसे. सगळ्यांत वर एक नवा लेअर घेऊन तो काळ्या रंगाने भरायचा आणि त्याचा प्रकार 'कलर' करायचा. लगेच खालचं चित्र कृष्णधवल दिसतं. माझं चित्र असं पाहिलं आणि डोळेच उघडले. घरं, देऊळ, मासे सगळं एकाच करड्या रंगाचं! रंग वेगळे होते, पण उजेड-अंधाराची उतरंड नव्हती. पुढचं, मधलं आणि मागचं असे तीन भाग कृष्णधवलमध्ये वेगळे कळले, तरच रंगांचा उपयोग.

दूरचं विरघळू द्या

महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभं राहून डोंगरांच्या रांगा पाहा. जवळची हिरवीगार, पलीकडची निळसर, शेवटची तर आभाळात मिसळलेली. मधल्या हवेचा हा परिणाम. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी आपल्या वह्यांत हे नोंदवलं आहे. पाण्यात तर हे फारच लवकर घडतं. त्यातही लाल रंग आधी नाहीसा होतो, निळा-हिरवा खोलवर टिकतो. म्हणजे माझी लालभडक पताका साफ खोटी होती!

दूरची वस्तू फिकटच असते असं मात्र नाही. रात्रीच्या पाण्यात ती काळोखात बुडते. खरी खूण ही, की तिच्यातला उजेड-अंधाराचा फरक कमी होतो आणि कडा पुसट होतात. म्हणून मी पुढे पिंपळाची एक गडद फांदी घेतली, मध्ये देऊळ आणि मागे घरं. प्रत्येक दोन भागांमध्ये हिरवट निळ्या रंगाचा एकेक लेअर घातला, अगदी पातळ ताकासारखा. 'ऑपॅसिटी' पंधरा-वीस टक्के, बस्स. घाई करून एकदम दाट केलात तर चित्र गढूळ होतं.

देवळाचा दगड पाण्याने कसा दिसतो हे पाहायला पळसदेवच्या देवळाचे फोटो उपयोगी पडले. ते उजनी धरणात गेलेलं, पाणी खूप उतरलं की वर दिसतं.

दिवा एकच

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं एक चित्र आहे. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. प्रत्यक्षात ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं! समोर उभी होती त्यांची मुलगीच. उजेड पाहा: चेहऱ्यावर, बोटांवर आणि साडीच्या निऱ्यांवर. बाकी सगळा अंधार. दिवा उजळ दिसतो तो भोवतीच्या अंधारामुळे.

हे कळलं, पण करवेना. माझी अकरा घरं होती! प्रत्येकाची कौलं मी एकेक करून काढलेली. आमचे हे म्हणाले, "एवढी मेहनत पुसतेस?" मी आधी चित्राची एक प्रत जपून ठेवली आणि मग मन घट्ट करून खिडक्यांतले उजेड मालवत गेले. दोन घरांच्या पुसट कडा ठेवल्या, बाकीची काळोखात जाऊ दिली. गाभाऱ्यात एकच पिवळा दिवा ठेवला. दिव्याजवळच्या दोन माशांना स्पष्ट कडा दिल्या, बाकीच्यांच्या नुसत्या सावल्या. थंड रंगांच्या चित्रात ऊब तेवढीच.

आणि शेवटी…

चित्र आडवं उलटवून पाहा. घराबाहेर पडताना आपण आरशात पदर पाहतो ना, तसंच. चुका पटकन दिसतात. आणि रात्री संपलंसं वाटलेलं चित्र सकाळचा चहा झाल्यावर पुन्हा पाहा.

आठ दिवसांनी तीच दुपारची वेळ. मी लॅपटॉप पुन्हा सासूबाईंपुढे ठेवला. या वेळी काही विचारलं नाही.

अडकित्ता हातातच राहिला. कितीतरी वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग बोट उचलून त्यांनी पडद्यावर ठेवलं. देवळाच्या उजव्या अंगाला, जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं, नुसता काळोख होता, तिथे.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "इथं आमचं घर."