उतारावरचा न्यूट्रल आणि टाकीतले पेट्रोल

मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची पातळी ओलांडली ती २०२१ च्या मे महिन्यात. तेव्हापासून शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकात पेट्रोलचा रकाना दूध आणि किराण्याच्या शेजारी कायमचा येऊन बसला आहे. इंधनाचा दर ठरवणे वाहनधारकाच्या हाती नाही. मात्र तीच गाडी, तोच रस्ता आणि तेवढेच अंतर असूनही एका चालकाला लिटरमागे १६ किलोमीटर मिळतात आणि दुसऱ्याला १३, ही तफावत नित्य अनुभवाची आहे. महिन्याला एक हजार किलोमीटर गाडी चालत असेल, तर पहिल्याला साडेबासष्ट लिटर पेट्रोल पुरते, दुसऱ्याला सुमारे ७७ लिटर लागते. लिटरला शंभर रुपये धरले, तरी वर्षाकाठी हा फरक सतरा हजार रुपयांच्या पुढे जातो.

ही तफावत गाडीत नसते, चालकाच्या हातापायांत असते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत इंजिनाने किती वेगाने फिरावे, हे यंत्रणाच ठरवते. हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाडीत हा निर्णय पूर्णपणे चालकाचा. त्यामुळे पेट्रोल वाचवण्याची संधीही त्याला अधिक आणि उधळण्याचीही. अडचण अशी, की या बाबतीतले बहुतेकांचे ज्ञान ऐकीव आहे. ते वडिलांकडून, शेजाऱ्यांकडून किंवा गॅरेजमधल्या गप्पांतून आलेले असते आणि त्यातील काही भाग ज्या गाड्यांना लागू होता, त्या गाड्या रस्त्यावरून केव्हाच नाहीशा झाल्या आहेत.

कार्ब्युरेटरच्या काळातील समजूत

अशा समजुतींपैकी सर्वांत चिवट समजूत म्हणजे उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या काळात तिला काही आधार होता. त्या गाड्यांच्या इंजिनात पेट्रोल सोडण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. इंजिन जितके जोरात फिरेल तितकी हवा ओढली जाई आणि त्या हवेबरोबर पेट्रोलही ओढले जाई. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, तर चाके इंजिनाला फिरवत राहत आणि थोडे पेट्रोल विनाकारण जळत राही. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद गतीवर येई आणि खप घटे.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडत गेला. त्याची जागा इंजेक्टरने घेतली. आता पेट्रोल किती सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन पुरेशा वेगाने फिरते आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, असे दिसताच हा नियंत्रक पेट्रोलचा पुरवठा पूर्णपणे बंद करतो. इंजिन फिरत असते ते चाकांच्या जोरावर. इंजिनाचे फेरे मंद गतीच्या जवळ उतरू लागले, की ते बंद पडू नये म्हणून पुरवठा पुन्हा सुरू होतो. आधुनिक डिझेल इंजिनांतही हीच व्यवस्था असते.

उलट गाडी न्यूट्रलमध्ये आणताच चाके आणि इंजिन यांचे नाते तुटते. इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी पेट्रोल लागते. लहान मोटारीचे इंजिन जागच्या जागी चालू राहिले, तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल खाते. म्हणजेच घाट उतरताना न्यूट्रल टाकणारा चालक ज्या वेळी पेट्रोल वाचवतो आहे असे समजतो, नेमके त्याच वेळी ते जाळत असतो. शेजारून गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा खप मात्र शून्य असतो.

अगदी सौम्य उतारावर हा हिशेब थोडा बदलतो, हेही सांगितले पाहिजे. तेथे गिअरमधली गाडी इंजिनाच्या विरोधामुळे मंदावते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. न्यूट्रलमधली गाडी अधिक दूर घरंगळते. कागदावर येथे दोन-चार थेंब वाचू शकतात. परंतु सर्वांत वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवून ठेवल्यास जवळजवळ तोच लाभ मिळतो आणि गाडीवरचा ताबाही राहतो.

हा ताबा ही किरकोळ बाब नव्हे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. एक टन वजनाच्या मोटारीने ही उंची गमावली, की पन्नास लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी होते आणि तिला कोठेतरी जिरावे लागते. काही भाग हवेचा आणि टायरचा विरोध शोषून घेतो. उरलेला भाग गिअरमधले इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, तापलेल्या ब्रेकची पकड सुटू लागते आणि ज्या वळणावर त्यांची खरी गरज असते, तेथे ते दगा देतात. याही पुढे जाऊन इंजिनच बंद करणारे महाभाग आहेत. मोटारीच्या ब्रेकला जोर मिळतो तो चालू इंजिनातून. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा ब्रेक दाबले, की पॅडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पूर्ण फिरवली गेली तर ते कुलूपबंदही होऊ शकते.

पुण्याला नवा कात्रज बोगदा ते नवले पूल या उताराने अशा बचतीची किंमत अनेकदा दाखवली आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर ताबा सुटलेल्या ट्रकमुळे झालेल्या अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. या टप्प्यात वाहन न्यूट्रलमध्ये आणू नये, ही सूचना यंत्रणांना वारंवार द्यावी लागली आहे. अवजड वाहनाचा चालक ज्या लोभाने हे करतो, तोच लोभ मोटारचालकालाही असतो. फरक फक्त वजनाचा.

एका ब्रेकचे दोन रुपये

शहरात उतार थोडे, ब्रेक फार. आणि शहरातले बरेच पेट्रोल ब्रेकमध्ये जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एक टनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे १ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून गाडी थांबवली, की ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत जाते. पुन्हा तोच वेग गाठण्यासाठी ती पेट्रोलमधून नव्याने काढावी लागते. शहरातल्या वापरात इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे एकदा पूर्ण थांबून पुन्हा साठचा वेग घेण्याची किंमत सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे साधारण दोन रुपये पडते. ताशी ४० वरून थांबल्यास हाच खर्च निम्म्याहून कमी होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

सायन-पनवेल मार्गावर किंवा पुण्याच्या विद्यापीठ चौकाकडे जाताना हे दृश्य रोज दिसते. समोरचा सिग्नल लाल आहे, हे दोनशे मीटरवरून दिसत असते. तरीही गाडी जोरात पळवली जाते आणि अखेरच्या वीस मीटरमध्ये कचकन ब्रेक लागतो. मागचा चालक लाल दिवा पाहताच पाय काढतो, गाडी गिअरमध्येच ठेवून इंजिनाच्या विरोधाने मंदावू देतो. त्या दोनशे मीटरमध्ये त्याचे इंजिन पेट्रोलचा थेंबही घेत नाही. पुष्कळदा तो पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि त्याची गाडी पूर्ण थांबतच नाही. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवले तरच हे साधते. ते ठेवले की मध्ये रिक्षा घुसते, हा आक्षेप खरा आहे. पण रिक्षा घुसल्याने चार सेकंद जातात, पेट्रोल नाही.

गिअर चढवण्याची घाई हवी

गिअर बदलण्याबाबत मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवले जाते ते गाडी बंद पडू नये एवढ्यापुरते. इंधनाच्या दृष्टीने नियम सोपा आहे. गाडी धक्के न खाता जो सर्वांत वरचा गिअर पेलू शकेल, त्यात ती असावी. अनेक लहान मोटारींत ताशी ५० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेते, पाचव्यात दीड हजारांच्या आसपास. वेग तोच, काम तेच. पण प्रत्येक फेऱ्यागणिक पिस्टनचे घर्षण सोसावे लागते.

पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढावी लागते. चिमटीत धरलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढताना गाल दुखतात, तसाच हा प्रकार. वरच्या गिअरमध्ये तोच वेग राखायला झडप अधिक उघडावी लागते आणि ही ओढाताण कमी होते. म्हणूनच वेग वाढवताना अ‍ॅक्सिलरेटर अगदी भीत भीत, रांगत रांगत देणे हाही काटकसरीचा मार्ग नव्हे. मध्यम जोराने वेग घ्यावा. पेट्रोल गाडीत दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान, तर डिझेल गाडीत त्याही आधी पुढचा गिअर टाकावा आणि हवा तो वेग येताच पाय हलका करावा.

घाईचीही मर्यादा असते. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी थरथरू लागली, इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, तर तो गिअर तिला झेपत नाही. तेथे अट्टहासाने गिअर न उतरवणारा चालक दहा रुपयांचे पेट्रोल वाचवतो आणि गॅरेजवाल्याची सोय करतो.

गॅरेजवाल्याचे दुसरे हक्काचे उत्पन्न क्लचचे. पाय सतत क्लचवर टेकवून ठेवणे किंवा उड्डाणपुलाच्या चढावर हाफ क्लचने गाडी तोलून धरणे, या सवयींमुळे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता क्लच प्लेट घासण्यात खर्च होते. पेट्रोल जाते आणि प्लेटही. चढावर थांबायचे असेल तर त्यासाठी हँडब्रेक आहे.

सिग्नलला इंजिन बंद करावे की नाही, यावर वाद घालणारे पुष्कळ. इंजेक्टर असलेली गाडी पुन्हा सुरू करायला लागणारे पेट्रोल सुमारे दहा सेकंद इंजिन चालू ठेवण्याइतकेच असते. त्यामुळे आकड्यांचा फलक ६० किंवा ९० सेकंद दाखवत असेल, तर इंजिन बंद करणेच शहाणपणाचे. बॅटरी जुनी असेल किंवा रांग इंच-इंच सरकत असेल, तेथे हा आग्रह धरू नये. सकाळी सोसायटीच्या आवारात पाच-पाच मिनिटे इंजिन 'गरम' करण्याची प्रथाही कार्ब्युरेटरच्याच काळातली. आजची गाडी अर्ध्या मिनिटात निघू शकते. पहिले दोन-तीन किलोमीटर ती सौम्यपणे चालवली म्हणजे झाले.

महामार्गावर खरा शत्रू हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सुमारे ९५ किलोमीटरमध्ये या वेगाने वाचतात ती चौदा-एक मिनिटे, तीही घाट आणि टोलनाका यांनी साथ दिली तर. एसीचेही असेच. संथ वाहतुकीत काचा उघडणे स्वस्त पडते, वेगात मात्र उघड्या काचांमुळे हवेचा विरोध वाढतो आणि काचा बंद करून एसी लावणे बरे. टायरमधील हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तो टायर थंड असताना तपासावा.

आकडा पुण्यातला, रस्ता आपला

एवढे करूनही कंपनीने जाहीर केलेला आकडा हाती येत नाही, अशी तक्रार असते. मराठी वाहनधारक ज्याला 'अ‍ॅव्हरेज' म्हणतो, तो आकडा वेताळ टेकडीच्या परिसरातील 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्थेच्या चाचणीतून येतो. या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, प्रयोगशाळेतील रोलरवर धावते. सुमारे वीस मिनिटांच्या ठरलेल्या वेळापत्रकानुसार, ताशी कमाल ९० च्या वेगाने आणि एसी बंद ठेवून हे आकडे काढले गेले आहेत. तेथे खड्डे नाहीत, रिक्षा नाहीत. ते आकडे दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी, घरखर्चाच्या हिशेबासाठी नव्हेत. त्यात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. तेवढी घट कितीही कुशल चालकाला भरून काढता येत नाही, आणि तिचा दोष त्याने स्वतःकडे घेण्याचे कारणही नाही.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा असेल तर डॅशबोर्डवरच्या पडद्यापेक्षा टाकी अधिक विश्वासार्ह. पंपावर टाकी पूर्ण भरावी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबावे आणि किलोमीटरची नोंद करावी. किमान तीनशे-चारशे किलोमीटर गाडी नेहमीप्रमाणे चालवून, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. कापलेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनी भागले, की आकडा मिळतो. एकाच टाकीवर विश्वास ठेवू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. मग एका वेळी एकच सवय बदलावी, आधी ब्रेकची, नंतर गिअरची, आणि पुढच्या टाक्यांचे आकडे त्याच वहीत खाली लिहीत जावेत.